परगांवची झोप

प्रवासास निघावयाचें ठरलें म्हणजे आपल्या घरांतून तयारीची एकच धांदल उडते. फराळाचे डबे भरले जातात, पाण्याच्या बाटल्या धुतल्या जातात, तिकिटें दोनदां पाहिलीं जातात, आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे पोहोंचते. या सर्व सामानाची यादी करतांना एक वस्तु मात्र कोणीच लिहीत नाहीं. ती म्हणजे झोप. ती आपोआप येईल, नाहींच आली तर एका रात्रीचा काय तो प्रश्न, अशी आपली समजूत असते. परंतु मराठवाड्यांत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न एका रात्रीचा नाहीं. पुणें लातुराहून सुमारें ३३० किलोमीटर आणि नांदेडाहून सुमारें ४५०. मुंबई त्याहूनही दूर. मुलें शिक्षणासाठीं पुण्यास, लेक-जांवई नोकरीनिमित्त मुंबईस, आणि घरांत मोठें दुखणें निघालें तर तेंही तिकडेच दाखवावयाचें. एवढें अंतर दिवसां तोडलें तर एक सबंध दिवस खर्ची पडतो; म्हणून रात्रीचें जेवण उरकून निघावें आणि उजाडतां पोहोंचावें, हा आमच्याकडील घराघरांतला रिवाज झाला आहे. ज्या कुटुंबांतील माणसांच्या वर्षाकांठीं आठ-दहा रात्री चालत्या वाहनांत जातात, त्या कुटुंबानें प्रवासांतील झोपेचा विचार करणें ही चैन खास नव्हे.

बाजारांत या अडचणीवर उपाय पुष्कळ विकले जातात. मानेभोंवतीं घालावयाची फुगविण्याची उशी, डोळ्यांवरील काळी पट्टी, कानांत घालावयाचे बोळे. आणि बसच्या अंगावर 'स्लीपर कोच', 'वातानुकूलित' अशीं हातभर अक्षरें. यांतलें कांहींच वाईट नाहीं. परंतु हीं सारीं साधनें हाताशीं असूनही ज्याचा डोळा लागत नाहीं असा एक प्रवासी, आणि फलाटावर सतरंजी टाकून पांच मिनिटांत घोरूं लागणारा दुसरा प्रवासी, असे दोघेही आपण नेहमीं पाहतों. तेव्हां झोप गादीच्या जाडीवर अवलंबून नसली पाहिजे. ती कशावर अवलंबून आहे, याचें उत्तर शोधूं जातां आम्हांला तें नांदेड आणि लातूर या दोन गांवांच्याच कहाणींत सांपडलें, आणि तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें.

नांदेडास आगगाडी आली ती निजामशाहींत. मनमाडहून परभणी, नांदेड या मार्गानें सिकंदराबादेस जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा तो रस्ता एक मीटर रुंदीच्या रुळांचा होता. लातुरास आली ती बार्शी लाइट रेल्वे. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरनें उभारलेली ही चिमुकली गाडी १८९७ मध्यें कुर्डुवाडी आणि बार्शी यांच्या दरम्यान धांवूं लागली व १९११ मध्यें लातुरापर्यंत आली. तिचे रूळ अवघे अडीच फूट रुंद. मुंबईस जाणारा मोठा रस्ता मात्र साडेपांच फुटी. एका मापाच्या रुळांवरील गाडी दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नाहीं. त्यामुळें मुंबईस निघालेल्या नांदेडकरानें मनमाडास उतरलें पाहिजे आणि लातूरकरानें कुर्डुवाडीस. अंग टेकावें, जरा डोळा लागावा, आणि तोंच कोणीतरी खांदा हलवून 'उठा, जंक्शन आलें' म्हणावें, हा क्रम आमच्याकडील तीन-चार पिढ्यांनीं भोगला. रुळांचीं मापें तीन, आणि त्यांपायीं रात्रीचे तुकडे दोन!

त्या जंक्शनांच्या फलाटांवर सबंध कुटुंबें निजत. वळकटी सोडून सतरंजी अंथरली जाई. मधोमध मुलें, त्यांच्या दोहों अंगांस बायका, उशाशीं ट्रंक आणि पायथ्याशीं पाण्याचा तांब्या. शेतांत पीक उभें असतां रात्रीं राखणीस जाणें याला आमच्याकडे जागल म्हणतात. तशी फलाटावरही जागल असे. घरांतील एक वडील माणूस, बहुधा आजोबा, ट्रंकेला पाठ टेकून बसत. सुपारी कातरीत, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे दिवे पाहत, आणि मध्यरात्र टळली म्हणजे काकांना उठवून स्वतः आडवे होत. इंजिनांच्या शिट्ट्या, डांस, हमालांची आरडाओरड, खालीं गार फरशी. अशांतही मुलें गाढ झोपत. मध्येंच एखादें मूल चाळवलें, तर अडकित्त्याचा ओळखीचा आवाज कानीं पडे आणि तें पुन्हां कूस बदलून निजे. हीच गोष्ट आम्हांला सांगावयाची आहे. आपल्या वतीनें कोणीतरी जागें आहे, अशी खात्री पटल्यावांचून परगांवीं माणसाला झोप लागत नाहीं.

आतां तीं जंक्शनें पूर्वींसारखीं मध्यें येत नाहींत. नांदेड-मनमाड मार्ग १९९० च्या दशकांत रुंद झाला; लातूर-कुर्डुवाडी मार्गाचें रुंदीकरण २००८ मध्यें पुरें झालें. नांदेडाहून देवगिरी वा नंदीग्राम, आणि लातुराहून मुंबईची रात्रीची गाडी, यांत एकदां पाठ टेकली कीं वाटेंत गाडी बदलण्याचें कारण उरलें नाहीं. या न मोडणाऱ्या झोपेचें मोल लोकांना किती वाटतें, तें २०१७ मध्यें दिसलें. लातूरची गाडी आठवड्यांतील कांहीं दिवस बीदरपर्यंत नेण्याचें ठरतांच लातुरांत आंदोलन उभें राहिलें. बीदरकरांशीं कोणाचें वैर नव्हतें. आपल्या गांवाच्या वांट्याचीं शयनासनें कमी होतील, ही ती धास्ती होती. शंभर वर्षें कुर्डुवाडीस उठून बसलेल्या गांवानें निजावयाच्या जागेसाठीं भांडावें, यांत आम्हांला नवल वाटत नाहीं.

फलाटावरील जागलीची गोष्ट ही जुन्या माणसांच्या मनाची समजूत आहे, असें कोणी म्हणेल. परंतु शरीरशास्त्रही तेंच सांगूं लागलें आहे. परक्या जागीं पहिल्या रात्रीं झोप नीट लागत नाहीं, हें झोपेच्या अभ्यासकांना १९६० च्या दशकापासून ठाऊक आहे; त्याला ते 'पहिल्या रात्रीचा परिणाम' म्हणतात. त्याचें एक कारण अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत मासाको तमाकी, युका सासाकी व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ मध्यें प्रसिद्ध केलें. नव्या जागीं निजलेल्या माणसांच्या मेंदूचे दोन्ही अर्ध सारखे झोपत नाहींत, असें त्यांना आढळलें. गाढ झोपेंतही डावा अर्ध उजव्याहून उथळ झोपतो, आणि अनोळखी आवाज कानीं पडतांच अधिक चटकन सावध होतो. तींच माणसें कांहीं दिवसांनीं त्याच जागीं पुन्हां निजलीं, तेव्हां हा भेद दिसला नाहीं. डॉल्फिन मासा, ज्याला प्राणिशास्त्रज्ञ मासा न म्हणतां सस्तन प्राणी म्हणतात, तो समुद्रांत अर्ध्या मेंदूनें निजतो व अर्ध्यानें जागा राहतो. त्याचाच अंधुक अंश आपल्यांतही उरला आहे, असें दिसतें. म्हणजे बरोबर आजोबा नसले तर आपला अर्धा मेंदूच आजोबा होऊन ट्रंकेला टेकून बसतो! सकाळीं 'झोपलों तर होतों, पण झोप झाली नाहीं' असें आपण म्हणतों, तें शब्दशः खरें असतें.

मग त्या अर्ध्या मेंदूची समजूत कशी घालावी? या प्रश्नाशीं आलों कीं नांदेड जिल्ह्यांतील माहूरची आठवण होते. दत्तात्रेय हा देव नित्य प्रवासी. काशीस स्नान, कोल्हापुरास भिक्षा आणि निद्रा मात्र माहूरगडावर, अशी त्याची दिनचर्या आपल्याकडील परंपरा सांगते. क्षणांत काशी गांठणाऱ्या देवाला निजावयास जागा कोठेंही मिळाली असती. पण स्नान एकीकडे, भिक्षा दुसरीकडे, अशा या फिरत्या देवाचें अंथरूण तेवढें परंपरेनें एका ठिकाणीं खिळवून ठेवलें. झोप ही ओळखीच्या जागेची भुकेली आहे, हें आपल्या पूर्वजांनीं किती सहज जाणलें होतें!

आपल्याला रोज रात्रीं माहूर गांठतां येत नाहीं, तेव्हां माहूरच थोडें बरोबर न्यावें. घरची वापरलेली चादर आणि उशीचा अभ्रा यांचा मऊपणा व वास नाकाला ओळखीचा असतो. वजन कांहींच नाहीं, आणि उपयोग विकतच्या उशीहून अधिक. दुसरें, निजण्यापूर्वींचा घरचा क्रम मोडूं नये. तोंड-हातपाय धुणें, मुलांकडून श्लोक म्हणवून घेणें, दोन पानें वाचणें, जें काय घरीं होत असेल तें त्याच क्रमानें गाडींतही करावें. आपण गांव बदललें तरी क्रम बदलला नाहीं म्हणजे शरीर पुष्कळसें निश्चिंत होतें.

तिसरी गोष्ट आपल्या आज्यांची. रात्रीं तळपायांना तेल लावून काशाच्या वाटीनें घासण्याची चाल आपल्याकडे आहे. १९९९ मध्यें स्वित्झर्लंडांतील बाझेलच्या संशोधकांनीं 'नेचर' या नियतकालिकांत असें दाखविलें कीं, हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून तेथें ऊब आली म्हणजे झोप लवकर लागते. आंतील उष्णता तळव्यांवाटें बाहेर पडते आणि शरीराचा गाभा निवतो. वातानुकूलित डब्यांत पाय गारठतात आणि मग घटकान् घटका डोळा लागत नाहीं, तो यामुळेंच. गाडींत काशाची वाटी काढून बसा, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु निघण्यापूर्वीं घरीं तळपाय चोळून घेण्यास आणि पिशवींत लोंकरी मोज्यांची एक जोडी टाकण्यास कोणाची हरकत नसावी.

चहाविषयीं आमच्या घरांतूनच विरोध होईल, तरी सांगतों. चहा-कॉफींतील उत्तेजक द्रव्याचा अर्धा अंश सुमारें पांच तासांनींही शरीरांत शिल्लक असतो. रात्रीं नऊचा चहा दोन वाजतांही आपलें काम करीतच असतो. म्हणून संध्याकाळच्या चहावर थांबावें, जेवण हलकें ठेवावें, आणि स्टेशनावरील भजीं दुसऱ्या कोणास तरी आनंदानें खाऊं द्यावींत. आगगाडींत दारापासून व स्वच्छतागृहापासून दूरची जागा मागावी. बसमध्यें चाकांवरची वा अगदीं मागची जागा टाळून मधली, खालची घ्यावी, कारण धक्के तेथें सर्वांत कमी बसतात. रेल्वेच्या नियमाप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा ही निजण्याची वेळ आहे; या वेळेंत मधलें शयनासन लावण्यास खालच्यानें अडवूं नये, आणि दहानंतर मोठ्यानें बोलूं नये व भ्रमणध्वनीवर गाणीं लावूं नयेत. 'स्टेशन निघून गेलें तर?' या धास्तीनेंही कित्येकांचा अर्धा मेंदू जागा राहतो. त्यासाठीं रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर उठविण्याची सोय असते. दाराशीं उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला चार वेळां विचारण्यापेक्षां ही जागल त्या यंत्राकडे सोपवावी.

परंतु जागल म्हणजे केवळ सोय नव्हे. तिच्यांत माणसांचें नातें असतें. तें पाहावयाचें असेल तर नांदेडास सचखंड हुजूर साहिबाच्या परिसरांत एक रात्र काढावी. गुरु गोविंदसिंग यांचें देहावसान १७०८ मध्यें येथें झालें. २००८ मध्यें त्या वर्षाची त्रिशताब्दी साजरी झाली, तेव्हां गांवाचे रस्ते व घांट यांचें रूप पालटलें. अमृतसराहून सचखंड एक्सप्रेसनें दोन हजारांहून अधिक किलोमीटर येणारे यात्रेकरू वाटेंतील कित्येक स्टेशनांवर लंगरचें जेवण जेवीत येतात. या मंडळींना न आपली भाषा कळते, न आपलें गांव ठाऊक असतें. आम्हीं पाहिलें तें असें: गर्दीच्या दिवसांत यात्रीनिवासांतील खोल्या भरल्या म्हणजे ओसरींतच सतरंज्या पडतात, आणि डोक्याखालीं गांठोडें घेऊन म्हाताऱ्या बाया तेथें शांत निजतात. जवळून लोक ये-जा करीत असतात, दिवे लागलेले असतात, भांड्यांचे आवाज येत असतात. पण लंगरांत कोणीतरी जागें आहे, सेवादार फिरत आहेत, हें त्यांना पक्कें ठाऊक असतें. घराच्या दाराला तीन कड्या लावून निजणाऱ्या आम्हांला त्या झोपेचा हेवा वाटला.

ही निश्चिंती सदासर्वकाळ टिकते असें मात्र नाहीं, आणि हें लातूर जिल्ह्याइतकें कोणाला ठाऊक असेल? ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून दमलेलीं गांवें उशिरां निजलीं होतीं. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं औसा तालुक्यांतील किल्लारीची व उमरगा तालुक्यांतील सास्तूरची धरणी हादरली. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर हातभर मातीचें माळवद, अशीं तीं घरें. उन्हाळ्यांत गार, हिवाळ्यांत उबदार. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या आश्रयानें माणसें निर्धास्त झोपलीं, त्याच भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. हजारों माणसें मृत्यु पावलीं, तीं परगांवीं नव्हे, आपापल्या अंथरुणांत. त्यानंतर कित्येक दिवस लोक अंगणांत, मैदानांत, पत्र्याच्या आडोशाखालीं निजत होते. ज्यांचीं घरें धड उभीं होतीं तेही आंत जाऊन झोपण्यास धजत नव्हते. स्वतःच्या गांवांत, स्वतःच्या दारापुढें सारा जिल्हा प्रवासी झाला होता. पुढें ५२ गांवें नव्या जागीं नव्या पद्धतीनें वसविलीं गेलीं. तरीही आमच्या परिचयाच्या एक वृद्ध बाई अद्याप उशाशीं विजेरी आणि पायाशीं चपला ठेवून निजतात. कोणी हंसलें तर म्हणतात, "झोप लागती रे बाबा, पर अर्धीच."

किल्लारीचा उल्लेख आम्हीं मन खिन्न करण्याकरितां केला नाहीं. झोपलेला माणूस आपलें सर्वस्व दुसऱ्याच्या हवालीं करतो. कधीं भिंतीच्या, कधीं माणसाच्या. त्या भिंतीनें अथवा त्या माणसानें तो भार पेलण्याजोगें असावें, हें पाहण्याचें काम जागेपणीं करावयाचें असतें. घराच्या बाबतींत तें काम लातुरानें फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलें. रात्रीच्या बसच्या बाबतींत तें आपण अजून शिकलेलों नाहीं.

रात्रीच्या बसमधील तीस-चाळीस प्रवासी निजतात तेव्हां त्यांची जागल एकटा चालक करीत असतो. परंतु त्याच्या शरीराचेंही घड्याळ आहे. पहांटे दोन ते पांच या वेळांत प्रत्येक मनुष्याची सावधानता सर्वांत मंद होते. तो कितीही कसलेला चालक असो. ऑस्ट्रेलियांतील डॉसन आणि रीड या संशोधकांनीं १९९७ मध्यें दाखविलें कीं, सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे, रक्तांत शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाप्रमाणें चालतात. आपल्या मोटार वाहन कायद्यानें चालकाला तीस मिलिग्रॅमचीच मर्यादा घातली आहे. म्हणजे भल्या पहांटे उठलेला आणि मध्यरात्रीं गाडी हांकणारा चालक, थेंबभर मद्य न घेतांही, त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. आणि पोलिसांच्या यंत्रांत फुंकर मारून मद्य कळतें, अपुरी झोप कळत नाहीं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसाला आठ तासांचें काम आणि सलग पांच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांति ठरवून दिली होती. कायदा करणारांना ही गोष्ट साठ वर्षांपूर्वीं उमगली होती. तिकीट काढणाऱ्या आपल्याला ती उमगावयाची आहे.

१ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर नागपुराहून पुण्यास निघालेली एक खाजगी शयनयान बस समृद्धि महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेडराजाजवळ उलटली व पेटली. २५ प्रवासी गेले. चालकाला डुलकी लागली कीं टायर फुटलें, यावर तेव्हां वाद झाला. त्या वादांत न शिरतांही एवढें म्हणतां येईल कीं, त्या पंचवीस जणांनीं डोळे मिटतांना आपापल्या घरच्यांना 'सकाळीं पोहोंचतों' असेंच कळविलें असेल. आपणही आपल्या मुलांना रात्रीं विचारतों, "जागा मिळाली का? पांघरूण आहे ना?" आणि सकाळीं विचारतों, "पोहोंचलास का?" या दोन प्रश्नांच्या मधल्या सात-आठ तासांविषयीं आपण कोणालाच कांहीं विचारीत नाहीं.

आमच्या एक मावशी नांदेडाहून पुण्यास नेहमीं बसनें जातात. गाडींत चढतांना त्या प्रथम चालकापाशीं जातात.

"मामा, जेवलांत का?"

"जेवलों की, माय."

"आणि दुपारीं झोप?"

पहिल्या खेपेस तो चालक जरा गोंधळला. हा प्रश्न त्याला घरच्यांखेरीज कोणी विचारला नव्हता. मग हंसून म्हणाला, "झाली, चार तास. पुढं नगरापासून दुसरा भाऊ बसतोय." मावशींनीं डब्यांतल्या दोन दशम्या त्याच्या हातावर ठेविल्या आणि आपल्या जागीं जाऊन निजल्या. आम्हीं त्यांना पुढें एकदां म्हटलें, "मावशी, त्यानें झोप झाली नाहीं असें सांगितलें तर?" त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें, "एकदां सांगितलं होतं. मी उतरले. तिकिटाचे पैसे बुडाले, दुसऱ्या दिवशीं गेले."

आमच्या वाचकांना आम्ही एवढेंच सुचवूं इच्छितों. रात्रीचें तिकीट काढतांना गादी, पडदे, थंड हवा यांची चौकशी करतां, तिच्यांतच तीन प्रश्न आणखी घालावे. चालक एक कीं दोन? दोन असतील तर ते कोठें बदलतात? मध्यरात्रीनंतर गाडी विश्रांतीसाठीं थांबते का? उत्तर नीट न मिळाल्यास दुसरी गाडी पाहावी, अगर आगगाडीनें जावें. दोन चालक ठेवणाऱ्यानें पन्नास-शंभर रुपये अधिक मागितले तर ते कुरकुर न करतां द्यावे. मुलांना निरोप देतांना पांघरुणाबरोबर हे प्रश्नही त्यांच्या हवालीं करावे, आणि संकटकाळचें दार कोठें आहे तें निजण्यापूर्वीं पाहून ठेवण्यास सांगावें. गाडी उशिरां निघाली तरी चालकाला घाई करूं नये. त्यानें वाटेंत अर्धा तास गाडी बाजूस घेतली तर आरडाओरड करूं नये. तो अर्धा तास आपल्याच झोपेच्या खात्यांत जमा होत असतो.

ज्यांना शक्य असेल त्यांनीं दिवसांच प्रवास करावा, हें तर सर्वांत उत्तम. २०२५ पासून नांदेडास मुंबईची वंदे भारत गाडीही मिळाली आहे. ती भल्या पहांटे सुटते, म्हणून तिच्या प्रवाशांनीं आदल्या रात्रीं घरींच, आपल्या ओळखीच्या अंथरुणांत, लवकर निजावें. बाकीच्यांना रात्रीची वाट चुकत नाहीं. त्यांनीं घरची चादर घ्यावी, पाय उबदार ठेवावे, चहा टाळावा, आणि आपल्या जागलीवर बसलेल्या माणसाची झोप झाली आहे ना, एवढें विचारून मग खुशाल डोळे मिटावे.